मोर्चाची मिरवणूक कोण करतं?

(युवक शाखेच्या मे महिन्यातल्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याचा ढंग तसाच ठेवला आहे. — संपादक)



मी भाषणवाला माणूस नाही. गोदीत कंत्राटदाराच्या हजेरीवर माल उतरवतो आणि पाळी संपली की कविता लिहितो. मॅट्रिकपर्यंत शिकलो, पुढचं शिक्षण रद्दीच्या दुकानात आणि आता मोबाइलवर चालू आहे. चुकलंमाकलं तर इथंच कान धरा.

मागच्या बैठकीत एका पोरानं प्रश्न टाकला. मुंबईत प्राइड निघते. समलिंगी, हिजडे, पारलिंगी माणसं आपलं असणं न लपवता भर रस्त्यातून चालतात. त्यात आपण निळा झेंडा घेऊन चालायचं की नाही? तासभर गोंधळ झाला. एक म्हणाला, ही इंग्रजी फाडणाऱ्यांची थेरं. दुसरा म्हणाला, वस्तीत पाणी नाही, पोरांना नोकऱ्या नाहीत, आणि तुम्ही हे काय घेऊन बसलात. तिसऱ्यानं टाळी वाजवून दाखवली, कशी ते तुम्हाला माहीत आहे. सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याचा हिशेब शेवटी देतो.

चालायचं की नाही, हा शेवटचा प्रश्न आहे. माझा पहिला प्रश्न असा की आखणीला कोण बसतं? माणसं रस्त्यावर येतात त्या दिवशी सगळं ठरून गेलेलं असतं. कुठून निघायचं, पुढं कुणी चालायचं, माइक कुणाच्या हातात, खर्च कुणाच्या खिशातून, हे सहा-आठ महिने आधी कुठल्यातरी खोलीत ठरतं. त्या खोलीत आपण नसलो तर रस्त्यावर आपण नुसती डोकी. फोटोत गर्दी दिसावी म्हणून बोलावलेली.

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, मोर्चा आणि मिरवणूक. मोर्चा मागायला निघतो, मिरवणूक मिरवायला. मी मिरवणुकीला नाक मुरडणारा नाही. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या कडेकडेनं चालायला लावलं, त्यानं रस्त्याच्या मधोमध नाचत जाणं हेही बंडच. पण मोर्चाची मिरवणूक कधी होते, कोण करतं, हे बघून ठेवलं पाहिजे. ते बघायला मी तुम्हाला न्यूयॉर्कला नेतो. जगभरच्या प्राइडला जूनचा शेवट ही तारीख तिथूनच मिळाली, आणि पहिल्या मोर्चाची आखणी कशी झाली हे तिथं नीट लिहून ठेवलंय.

आधीचं थोडं. १९६५ पासून १९६९ पर्यंत दर ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, समलिंगी माणसांचा एक छोटा जथा फिलाडेल्फियाच्या इंडिपेंडन्स हॉलपुढं फलक घेऊन गोल फिरायचा. नियम कडक. पुरुषांनी कोट-टाय, बायकांनी झगा. नोकरीला ठेवण्यालायक दिसलं पाहिजे, असं पुढाऱ्यांचं म्हणणं. १९६९ साली दोन बायका एकमेकींचा हात धरून चालल्या, तर पुढाऱ्यानं स्वतः जाऊन हात सोडवले. ओळखलंत ना हा माणूस? आपल्याकडेही आहे. नीट कपडे घाला, नीट बोला, शिवी देऊ नका, मग ते तुम्हाला माणूस म्हणतील, असं सांगणारा. अशा दिसण्यानं आपल्याला किती माणूस म्हटलं गेलं, ते आपापल्या बापाला विचारा.

त्याच्या एक आठवडा आधीच न्यूयॉर्कमध्ये ठिणगी पडली होती. क्रिस्टोफर स्ट्रीटवरच्या स्टोनवॉल इन या दारूच्या अड्ड्यावर २८ जून १९६९ च्या पहाटे पोलिसांनी धाड घातली. अड्डा माफियाचा, पोलीस हप्त्याचे. धाडी नेहमीच्या, पण त्या रात्री माणसं निमूट व्हॅनमध्ये चढली नाहीत. पाच-सहा दिवस तो मोहल्ला धुमसत राहिला.

दंगल झाली की पेपरवाले येतात आणि जातात. वरळी १९७४ ची आपल्याला आठवण आहे, कारण आपण ती ठेवली. स्टोनवॉलची आठवण राहिली, कारण चार जणांनी तिची तारीख पक्की करून टाकली. क्रेग रॉडवेल, फ्रेड सार्जंट, एलन ब्रॉयडी आणि लिंडा ऱ्होड्स. रॉडवेलचं एक छोटं पुस्तकाचं दुकान होतं. १९६९ च्या नोव्हेंबरात फिलाडेल्फियातल्या एका परिषदेत ब्रॉयडीनं ठराव मांडला. ४ जुलैचा कार्यक्रम बंद करा. जूनच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये मोर्चा काढा. इतर शहरांनाही त्याच दिवशी काढायला सांगा. आणि कपड्याचा नियम नाही, वयाचा नियम नाही. या शेवटच्या ओळीसाठी मला तो ठराव आवडतो. कोण यायचं हे कपड्यांवरून ठरणार नाही, एवढं त्यांनी आठ महिने आधी कागदावर आणलं.

१९७० च्या जानेवारीपासून रॉडवेलच्या ब्लीकर स्ट्रीटवरच्या घरात बैठका सुरू झाल्या. मोठ्या संघटना सुरुवातीला प्रतिनिधीच पाठवेनात. पैसा? पुस्तकाच्या दुकानाच्या गिऱ्हाइकांची पत्त्यांची यादी काढली आणि पत्रं धाडून वर्गणी मागितली, बाकी संघटनांकडून थोडीथोडी. आपलं पावतीपुस्तक असतं तसंच. ब्रेंडा हॉवर्डसारख्या कार्यकर्त्या बाया राबल्या. ठरावात शनिवार होता, पण रविवार धरला. लोक जास्त येतील म्हणून, आणि २८ जून ही स्टोनवॉलची तारीख त्या वर्षी रविवारी येत होती म्हणून.

रविवार धरला, यावर जरा थांबा. मला ते वाचून बरं वाटलं. ज्याचा दिवसाचा खाडा म्हणजे रात्रीची चूल थंड, त्याला शुक्रवारी दुपारी चारचा मोर्चा चालत नाही. तारीख ठरवली की वर्ग ठरतो. बैठकीला मजूर बसला असेल तर सुट्टीचा दिवस निघतो, नसेल तर हॉल रिकामा मिळेल तो दिवस निघतो.

पोलिसांची परवानगी निघायच्या फक्त दोन तास आधी हातात पडली. हे वाचून हसू आलं, कारण यात न्यूयॉर्क आणि मुंबई एकच. लॉस एंजेलिसमध्ये तर पोलिसांनी लाखो डॉलरची हमी मागितली, ती कोर्टात जाऊन उडवावी लागली. न्यूयॉर्कमध्ये माणसं क्रिस्टोफर स्ट्रीटपाशी जमली तेव्हा थोडी होती. रथ नाहीत, गाणी वाजवणारे ट्रक नाहीत. सिक्स्थ ॲव्हेन्यूनं वर निघाले, फुटपाथवरचे लोक एकेक करून खाली उतरत गेले, आणि ५१ चौक ओलांडून सेंट्रल पार्कात पोचले तेव्हा हजारो झाले होते. जेवढा वेळ धरला होता त्याच्या निम्म्यातच पोचले. उत्साहानं आणि भीतीनंही. वरून कोण काय फेकेल सांगता येत नव्हतं. १० जानेवारी १९७४ ला परळला मोर्चावर वरून पाटा पडला आणि आपला भागवत जाधव गेला. म्हणून त्या भराभर चालण्याचा अर्थ आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. नावातच मार्च होता, क्रिस्टोफर स्ट्रीट लिबरेशन डे मार्च. मुक्तिदिनाचा मोर्चा.

आता त्याच शहरातल्या एका काळ्या माणसाचं सांगतो, कारण आखणी म्हणजे काय ते त्याच्याकडून शिकावं. बेयार्ड रस्टिन. २८ ऑगस्ट १९६३ चा वॉशिंग्टनचा मोर्चा, अडीच लाख माणसं, मार्टिन ल्यूथर किंगचं ते प्रसिद्ध भाषण, हे सगळ्यांना माहीत. तो मोर्चा हार्लेममधल्या ऑफिसात बसून दोनेक महिन्यांत रस्टिननं उभा केला. किती बसगाड्या, किती संडास, पाण्याचे नळ किती, प्रथमोपचाराचे तंबू कुठं. डब्यात काय आणायचं हेसुद्धा. शेंगदाण्याचं लोणी लावलेला पाव चालेल, मेयॉनिज लावलेला नको, ऑगस्टच्या उन्हात नासतं, माणसं आजारी पडतील. मी त्याला मोठा क्रांतिकारक मानतो. अडीच लाख माणसांच्या पोटाची काळजी केली म्हणून.

रस्टिन समलिंगी होता. १९५३ साली त्यासाठी अटकही झाली होती. म्हणून चळवळीतले काही मोठे पुढारी म्हणाले, हा मुख्य म्हणून नको, नाव खराब होईल. तेव्हा रेल्वेच्या काळ्या पोर्टरांची युनियन बांधणारा ए. फिलिप रँडॉल्फ म्हणाला, मुख्य मी होतो आणि माझा दुय्यम रस्टिन. विरोधी सिनेटरनं सभागृहात रस्टिनची ती जुनी अटक उकरून काढली, तरी रँडॉल्फ हलला नाही. हा युनियनवाला होता, हे मला मुद्दाम सांगायचंय. कामाच्या माणसाला पाठीशी घालायचं असतं, हे त्याला कामावर शिकायला मिळालं असणार. तरी लक्षात घ्या, रस्टिन खोलीत होता, सगळं त्याच्या हातात होतं, आणि तरी पाटीवर त्याचं नाव खालीच राहिलं.

आता गोदी. माझा विषय. क्रिस्टोफर स्ट्रीट पश्चिमेला चालत गेलात की हडसन नदी लागते, आणि तिथं धक्के. एकेकाळी तिथं आपल्यासारखेच हूक खांद्याला लावलेले मजूर जहाजं रिकामी करायचे. २६ एप्रिल १९५६ ला आयडियल एक्स नावाचं जहाज ५८ कंटेनर घेऊन पलीकडच्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं, आणि तिथून पुढं गोणी उचलणाऱ्या हाताची किंमत उतरत गेली. धंदा नदीपलीकडं मोठ्या कंटेनर बंदरात गेला. इकडचे धक्के ओस पडले, कुजले. आपल्याकडे १९८९ साली न्हावाशेवा सुरू झालं, त्यानंतर मुंबईच्या गोदीचं काय झालं ते माझ्या हजेरीच्या कार्डावर लिहिलंय.

त्या ओस धक्क्यांवर कोण आलं? घरातून हाकललेली पोरं. समलिंगी, पारलिंगी, बरीचशी काळी आणि पोर्तो रिकोची. ज्यांना स्टोनवॉलच्या मोहल्ल्यात भाडं परवडत नव्हतं, त्यांचं घर म्हणजे तो धक्का. सिल्व्हिया रिव्हेरा आणि मार्शा जॉन्सन ह्या त्यांच्यातल्याच. १९७० साली दोघींनी रस्त्यावरच्या पारलिंगी पोरांसाठी स्टार नावाची संघटना काढली, ईस्ट सेकंड स्ट्रीटवर एक मोडकं घर घेतलं. पोरांना रस्त्यावर धंदा करावा लागू नये म्हणून भाड्यासाठी ह्या दोघी स्वतः धंदा करायच्या. कुठल्या कंपनीनं त्या घराला देणगी दिली नाही.

आणि आता बघा. १९७३ चा जून, मोर्चाचं चौथं वर्ष. वॉशिंग्टन स्क्वेअरमध्ये मंच. सिल्व्हिया दिवसभर मंचावर जायला झगडत होती. शेवटी चढली. खालून हुर्यो. कोण करत होतं? समलिंगी माणसं. ती ओरडून सांगत होती, तुमचे भाऊबहीण तुरुंगात मार खातायत, मदतीसाठी आम्हाला पत्रं लिहितात, आणि तुम्ही त्यांच्यासाठी बोट हलवत नाही. मी तुमच्या चळवळीपायी नोकरी गमावली, घर गमावलं. चार वर्षांत कोट-टायवाला परत आला होता. कपडे बदलून.

पुढचा हिशेब तारखांत मांडतो. न्यूयॉर्क शहरानं समलिंगींसाठी भेदभावविरोधी कायदा केला १९८६ साली. पारलिंगी माणसं त्यात आली २००२ साली. मध्ये सोळा वर्षं. मार्शाचा मृतदेह १९९२ च्या जुलैत त्याच क्रिस्टोफर स्ट्रीटच्या धक्क्यापाशी नदीत सापडला, पोलिसांनी आत्महत्या लिहून फाइल मिटवली, वीस वर्षांनी ती परत उघडावी लागली. सिल्व्हिया २००२ च्या फेब्रुवारीत गेली, कायदा एप्रिलात झाला. धक्क्याची बाग झाली, हिरवळ झाली, आणि रात्री एकनंतर तिथं बसायला बंदी झाली. ज्यांना झोपायला दुसरी जागा नव्हती त्यांच्यासाठीच ती बंदी, हे सांगायला नको. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर गोदीच्या जमिनीची जी रंगीत चित्रं छापून येतात, त्यांत बोटी आहेत, कॉफी पिणारी माणसं आहेत. हजेरीवाला मला एकाही चित्रात दिसला नाही.

आजची न्यूयॉर्कची प्राइड लाखोंची. बँका, विमान कंपन्या, दारूच्या कंपन्या, सगळ्यांचे रथ. २०१९ साली स्टोनवॉलला पन्नास वर्षं झाली, तेव्हा पोलीस कमिशनरनं त्या धाडीबद्दल माफी मागितली. त्याच रविवारी सकाळी काही हजारांनी वेगळा मोर्चा काढला, कंपन्यांचे रथ नाहीत, वर्दीतले पोलीस नाहीत, आणि १९७० च्याच वाटेनं सेंट्रल पार्कात गेले. २०२१ मध्ये मोठ्या प्राइडलाही वर्दीतल्या पोलिसांच्या जथ्याला काही वर्षं बंदी घालावी लागली. २०२५ साली वॉशिंग्टनचं सरकार बदलल्यावर बऱ्याच कंपन्यांनी देणगीचा हात आखडता घेतला. वारा फिरला की कंपनी फिरते. वर्गणीवाला फिरत नाही, कारण त्याला दुसरीकडं जायलाच जागा नसते.

ह्यावर मनातल्या मनात हसू नका. गेल्या महिन्यातली आपली जयंती आठवा. चौकातल्या कमानीवर बाबासाहेबांचा फोटो केवढा होता आणि शुभेच्छुक बिल्डरचा केवढा? त्याच बिल्डरच्या नोटिसा आपल्या भिंतीवर लागल्यात. आपणच त्याला कमान दिली, कारण डीजेचे पैसे त्यानं दिले. कमिटीत किती बायका होत्या? एक तरी सफाई कामगार? न्यूयॉर्कवाल्यांना शिव्या देण्याआधी आपला मांडव बघू.

आता ज्यांना ही परकी थेरं वाटतात त्यांच्यासाठी दोन गोष्टी.

पहिली. १९३४ साली र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी उत्तरं दिली होती, त्यांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. सगळा सोवळा समाज कर्व्यांच्या विरोधात. कर्व्यांचा वकील कोण? बाबासाहेब. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण केस घेतली. आपल्या माणसांचं नाव खराब होईल म्हणून नाही म्हणाले नाहीत.

दुसरी. आपण पँथर हे नाव १९७२ साली अमेरिकेतल्या काळ्या पँथरांकडून घेतलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपण काळा स्वातंत्र्यदिन पाळला. त्याच्या बरोबर दोन वर्षं आधी, १५ ऑगस्ट १९७० ला, ब्लॅक पँथरांचा पुढारी ह्यूई न्यूटन आपल्या माणसांना म्हणाला होता की स्त्रियांबद्दल आणि समलिंगींबद्दल तुमच्या मनात काहीही भीती असो, त्यांच्या चळवळीशी एकी करायची आहे. त्यांच्या नावानं शिव्या देणं बंद करा. कदाचित तेच सगळ्यात जास्त क्रांतिकारक निघतील. त्यांच्या पेपरात ते छापूनही आलं. नाव आपण घेतलं. हे पत्र मात्र आपल्या वस्तीत कुणी वाचून दाखवलेलं मी ऐकलं नाही. आमच्या मागच्या बैठकीतली टाळी त्या न वाचलेल्या पत्राचीच टाळी.

ज्याला पाणी आणि नोकऱ्या आधी वाटतात त्या दोस्ताला सांगतो, तुझं बरोबर आहे, पण ऐक. १९८४-८५ साली इंग्लंडात खाण कामगारांचा वर्षभर संप चालला. लंडनच्या समलिंगी पोरापोरींनी बादल्या घेऊन पैसे जमवले आणि दक्षिण वेल्समधल्या खाणवाल्यांना पोचवले. एकमेकांच्या घरी गेले, जेवले. संप मोडला, कामगार हरले. तरी १९८५ च्या जूनमध्ये खाणवाले आपलं बँड आणि युनियनचे झेंडे घेऊन लंडनच्या प्राइडच्या पुढं चालले. त्याच वर्षी मजूर पक्षाच्या परिषदेत समलिंगींच्या हक्काचा ठराव झाला, तेव्हा खाण युनियनची मतं त्याच्या बाजूनं होती. एका दिवसाचा फोटो काढायला आलेल्यांनी हे घडवलं नाही. वर्षभर आधी बादली फिरली होती.

मुंबईची पहिली मोठी प्राइड २००८ साली १६ ऑगस्टला ऑगस्ट क्रांती मैदानातून निघाली. नंतर ती जानेवारी-फेब्रुवारीच्या थंडीत निघू लागली, मुंबईच्या जूनमध्ये कोण चालणार. म्हणजे न्यूयॉर्कवाल्यांना मिळाले होते तेवढेच आठ-नऊ महिने आज आपल्या हातात आहेत. २०१५ साली दिल्लीच्या प्राइडमध्ये काही दलित पोरं आपली जात आणि आपलं क्विअर असणं एकाच फलकावर लिहून चालली. त्यांना दोन्हीकडून ऐकावं लागतं. तिकडं जातीचं बोललात की मजा घालवता, इकडं हे बोललात की चळवळ बुडवता. ती आपली पोरं आहेत. यल्लम्माला सोडलेला, साडी नेसून जोगवा मागणारा जोगत्याही आपल्याच घरातून गेलाय.

तेव्हा माझ्या सूचना लिहून घ्या.

एक. आतापासून आपले दोघे-तिघे प्राइडच्या आखणीच्या बैठकांना बसतील. खुर्ची मिळाली नाही तर उभे राहतील. पण जातील.

दोन. तिथं एक मागणी पहिल्या फलकावर मागायची, समांतर आरक्षणाची. १५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टानं तृतीयपंथीयांना मागास मानून आरक्षण द्या म्हटलं. मग दलित हिजड्यानं काय करायचं? अनुसूचित जातीचा दाखला काढायचा की हा? जात सोडायची की लिंग? म्हणून तामिळनाडूच्या ग्रेस बानूसारख्या दलित पारलिंगी कार्यकर्त्या सांगतात, प्रत्येक प्रवर्गाच्या आत वाटा द्या. कर्नाटकानं २०२१ साली सरकारी नोकऱ्यांत एक टक्का असा दिलाही. महाराष्ट्र फुले-शाहू-आंबेडकरांचा म्हणतात, मग इथं का नाही?

तीन. रविवार. वाटेत पाणी, संडास, डॉक्टर, वकिलाचा नंबर हातावर लिहिलेला. ज्याला घरच्यांपासून तोंड लपवायचंय त्याला मुखवटा, आणि न विचारता कुणाचा फोटो काढायचा नाही. मंचावरचा पहिला माइक सगळ्यात खालच्याला. शेवटची लोकल जायच्या आत सभा संपली पाहिजे. विरार-कर्जतला जाणारा माणूस चारचाकीनं येत नाही.

चार. पैसा पावतीपुस्तकातून. दहा-वीस रुपयांच्या पावत्या. बिल्डरची कमान नको, ना त्यांच्या प्राइडला ना आपल्या जयंतीला.

पाच. आणि हे सगळ्यात अवघड. येत्या १४ एप्रिलच्या आपल्या जयंती कमिटीत वस्तीतली हिजडा, समलिंगी माणसं बसतील. लेझमीत नाचवायला नको, हिशेबाच्या वहीवर सही करायला. दुसऱ्याच्या मोर्चात एक दिवस चालून यायला काही लागत नाही.

आता हसण्याचा हिशेब. आमच्या गँगमध्ये एक जण होता. नाव सांगत नाही, ते सांगायचा हक्क त्याचा. गोणी आमच्याइतकीच उचलायचा. चाल जरा वेगळी, बोलताना हात हलायचे. गँगनं नाव ठेवलं, बाई. मी ठेवलं नाही, पण हाक त्याच नावानं मारायचो. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत पोरांनी त्याचा डबा लपवला. म्हणाले, नाचून दाखव, मग देतो. तो नाचला नाही. आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं एकदा बघितलं, माझ्याही. मी हसत होतो. त्यानं हातपाय धुतले, कपडे बदलले आणि गेला. आठवड्याची मजुरी घ्यायलाही आला नाही. आमच्याच वस्तीतला, आमच्याच जातीचा. त्याच महिन्यात मी माणसाच्या अपमानावर कविता लिहिली, आणि तुम्ही ह्याच हॉलमध्ये टाळ्या वाजवल्या.

पाणवठ्यावर आपल्याला जे केलं ते आपण डब्यावर केलं.

मी त्याच्या बहिणीकडून त्याला निरोप धाडलाय. माफी मागितलीय आणि कमिटीच्या बैठकीची तारीख कळवलीय. अजून उत्तर नाही. आला तर त्याला कुणी टाळ्या वाजवू नका, भाषण करायला लावू नका. सतरंजीवर जागा द्या आणि वही पुढं करा. नाही आला तर त्यात त्याची चूक नाही, आणि वरच्या पाच सूचना तरीही मतदानाला टाका.

जय भीम.